ओठांच्या कोपऱ्यांची चौकशी

वत्सलाकाकूंनी माझं नाव नंतर विचारलं. आधी विचारलं, "तुहं तोंड कोपऱ्यात फाटलं वं. काऊन?"

मी दारात उभी. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेला येईपर्यंत रस्ताभर मी उत्तरं पाठ करत आले होते. स्वयंपाक येतो. बीपीचं मशीन लावता येतं. म्हातारं माणूस उचलायची सवय आहे. शाळा सातवीपर्यंत, पण लिहिता-वाचता येतं. तोंडाच्या कोपऱ्यांचं उत्तर काही पाठ केलेलं नव्हतं.

"थंडीनं असंल," मी म्हणाले.

"थंडी तर मलेही वाजते. माहं कुठं फाटलं?" त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि माझे ओठ उजेडाकडं वळवून बघितले. "हसली की दुखते?"

"दुखतं."

"जांभई देतानी?"

"तेव्हा तर लईच."

"ये आत. चहा घे. पण कोमट होऊ दे, नाई तर झोंबंल."

असं मला त्या घरात काम लागलं.

माझं गाव जतकडं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो. त्याच्या कॅम्पबरोबर मी वर्ध्याला आले. कॅम्प पुढं सरकला आणि मी मागं राहिले, कारण मला काम मिळालं होतं आणि गावी आईजवळ ठेवलेल्या माझ्या मुलीची शाळा त्या कामावर अवलंबून होती. काकूंची मुलगी वैशालीताई पुण्यात नोकरीला. तिनंच मला फोनवर ठेवलं आणि फोनवरच बजावलं, "आईला काही कमी-जास्त झालं तर मला तुमच्याकडून कळलं पाहिजे, शेजाऱ्यांकडून नाही." ती कधी ओरडली नाही. पण रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला, की हातातलं काम टाकून मी ताठ उभी राहायची. इथं माझं दुसरं कुणीच नव्हतं. हे काम गेलं, तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, तेही मला माहीत नव्हतं.

काकू मूळच्या रोहण्याच्या. नोकरी सगळी आर्वीला, टेलिफोन एक्सचेंजमध्ये. फोन करायचा म्हणजे आधी बाईला सांगायचं आणि मग बाई जोडून देणार, असा तो काळ. त्यांच्या वस्तीतून सरकारी नोकरीत गेलेली पहिली बाई त्याच. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, या भोकातली दोरी काढायची आणि त्या भोकात खुपसायची. सगळ्या आर्वीची सुखदुःखं त्यांच्या बोटांखालून गेली होती. ऐकायची मनाई होती, असं त्या सांगायच्या, आणि लगेच त्या मनाईतून ऐकलेलं काहीतरी सांगायच्या. माणसं त्यांना अजून नंबरानं आठवायची. "दोनशे चौदावाले शेठ लय गोड बोलत. बायकोसंग नाई, कापूस पाठवणाऱ्यासंग."

त्यांची बोलीही एक्सचेंजचीच राहिली होती. कुणी मधे बोललं, की "लाईन तोडू नको." तोंडात घास असला, की हात वर करून बोटानं खूण करायच्या, म्हणजे एंगेज. आणि फोन उचलला, की समोरचं माणूस आपलं असेल तर "जयभीम", दुसरं कुणी असेल तर "नमस्कार, बोला", आणि ते 'बोला' असं खणखणीत, की समोरचा खरंच बोलायला लागायचा.

प्रश्न विचारल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही. सिलिंडर घेऊन येणाऱ्याला विचारलं, "भाऊ, तुही मिशी डाव्या अंगानं कमी काऊन हाय?" तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन तसाच उभा. मग म्हणाला, "आजी, त्या बाजूनं ओझं घेतो, घासते." काकू खूश. दिवसभर त्यांनी मला ते तीनदा सांगितलं. "पाय, विचारलं म्हणून समजलं. नाई तर मी समजली असती का नाव्ह्यानं चूक केली."

खोटं त्यांना चटकन कळायचं. "खोटं बोलणाऱ्याचा पहिले श्वास येते, मंग शब्द येते," त्या म्हणायच्या. "फोनवर तोंड दिसत नाई नं, म्हणून मले श्वास आयकाची सवय."

दिसायला ठेंगण्या, ताठ. सकाळी मोरीतून बाहेर यायच्या त्या पावडर लावून, केस बसवून आणि दात घालून. वरची-खालची, दोन्ही कवळ्या. दात नसलेलं त्यांचं तोंड मी बघितलं नव्हतं, वैशालीताईनंही नाही, शेजारच्यांनीही नाही. बेसिनजवळ स्टीलची झाकणाची एक डबी असायची. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "साऱ्या घराले हात लाव. त्या डबीले नाई." मी कधी लावला नाही. रात्री त्या खोलीचं दार लावून घ्यायच्या, मी बाहेर दिवाणावर झोपायची.

थंडी जरा वाढली आणि एका सकाळी चहा पिताना काकूंनी 'स्स' केलं. बघते तर त्यांच्या ओठांचे दोन्ही कोपरे लाल, चिरलेले. अगदी माझ्यासारखे.

माझ्यापासून त्यांना लागलं, हेच डोक्यात आलं. मी माझा पेला वेगळा केला, ताट वेगळं केलं, टॉवेल तर बाहेरच्या दोरीवर नेऊन टाकला. काकूंनी ते बघितलं.

"पेला काऊन वेगळा?"

"काकू, माझ्यामुळं झालं असंल तुम्हाला."

"असंल बी," त्या म्हणाल्या. रागानं नाही. त्यांचे डोळे चमकले होते. "एकाच घरात दोन तोंडं फाटली. म्हणजे कारण याच घरात हाय. आता पायतेच मी."

तिथून ती चौकशी सुरू झाली.

पहिला फोन रोहण्याला, धाकट्या भावाला. "जयभीम. दिगांबर, तुमच्याकडं कोणाचं तोंड कोपऱ्यात फाटते का? कोणाचंही सांग, आपल्या घरचं नाई तरी चालते." फोन स्पीकरवर होता. दिगांबरमामांचा आवाज तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात धरून आला, "अक्का, तू लय बोलतं म्हणून फाटते तुहं. चार दिवस गप बसून पाय."

"मी गप बसली, तर तुह्या खबरी तुले कोण सांगंल? खर्रा थुक पहिले. तुहं फाटलं का कधी?"

"चुना जास्त झाला की फाटते नं."

"पाय, आता कामाचं बोलला!"

मग आर्वी, मग पुलगाव, मग नागपूरला जुन्या एक्सचेंजमधल्या एक बाई. कुणी म्हणालं लिंबू. कुणी म्हणालं आंब्याचा चीक, तर काकू म्हणाल्या, "हिवाळ्यात कुठला आंबा वं, लोणच्याचा का?" कुणी टूथपेस्ट म्हणालं. एकीनं सांगितलं, चोरून खाल्लं की तोंड फाटतं. काकू फोन ठेवून माझ्याकडं वळल्या. "सुनीता, खरं सांग, चोरून काय खाल्लं?"

मी घाबरलेच. "नाही हो काकू, शप्पथ!"

"मंग मीच खाल्लं असंल," त्या म्हणाल्या आणि हसायला गेल्या. कोपरा ताणला, तोंड धरून बसल्या.

त्यांची पद्धत साधी होती. एक गोष्ट बंद करायची आणि थोडे दिवस वाट बघायची. आधी ठेचा बंद. मग टूथपेस्ट बंद. मी मीठ-हळदीनं दात घासले, त्यांनी कवळीही त्यानंच घासली. मग जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या भांड्यांवर शंका आली, ती माळ्यावर गेली. मग शेजारणीच्या घरून पाणी आणलं. शेजारीण म्हणाली, "काकू, पाणी तर एकाच टाकीतून येते." काकूंनी तरी ते पिऊन बघितलं. "टाकी एक, नळ वेगळा," म्हणाल्या. कोपरे सुकले नाहीत. उलट रोज सकाळी ताजे चिरलेले. मी साजूक तुपात हळद कालवून लावायची, माझ्या ओठांना आणि त्यांच्याही.

आणि तिथंच घोटाळा झाला. एका संध्याकाळी वैशालीताईचा कॉल आला. मी फोन काकूंच्या तोंडासमोर धरला.

"आई! ते पिवळं काय आहे? पू झालाय?"

"हळद हाय वं."

"सुनीताताई, कॅमेरा जवळ आणा. किती दिवस झाले? मला का नाही सांगितलं?"

सांगावं म्हणून रोज ठरवायची आणि रोज रात्री उद्यावर ढकलायची. दुसऱ्या दिवशी ताईनं कुठंतरी वाचून सांगितलं, की म्हाताऱ्या माणसाला पोटभर नीट जेवण मिळालं नाही, की असं होतं. मग दोन्ही वेळचं ताट मला फोनपुढं धरावं लागायला लागलं. भाजी केवढी, डाळ घट्ट का पातळ. ताईचंही खरंच होतं. ती लांब, आई एकटी, परक्या बाईच्या हातात. पण ताट फोनपुढं तिरकं करताना आमटी कडेला सांडायची.

"जेवण हाय का मुद्देमाल?" काकू तणतणायच्या. "साक्षी-पुराव्यानं जेवू का आता?"

शेवटी मी ऑटो बोलावला आणि आम्ही दाताच्या दवाखान्यात गेलो. तिथली डॉक्टर माझ्याहून लहान असेल. काकू खुर्चीवर बसल्या-बसल्या म्हणाल्या, "मॅडम, तुमी मंग तपासा. पहिले मले सांगा, तोंड कोपऱ्यातच काऊन फाटते? मधात काऊन नाई?"

ती पोरगी हसली. मग आरसा हातात देऊन समजावून सांगितलं. कवळी जुनी झाली, झिजली, की वरचा जबडा आणि खालचा जबडा जास्त जवळ येतात. गाल ओघळतात आणि तोंडाच्या कोपऱ्यात घडी पडते. घडीत लाळ साचते. कातडी सारखी ओली राहिली, की मऊ पडते, चिरते, आणि त्या ओलीत बुरशी धरते.

"म्हणजे ओलं लुगडं घडी करून ठेवल्यावानी."

"अगदी तसंच, आजी."

"आनं दुसरी कारणं?"

डॉक्टर सांगत गेली. अंगात रक्त कमी असलं तर होतं. ब जीवनसत्त्व कमी पडलं तर होतं. साखरेच्या आजारात होतं. सारखी जीभ फिरवून ओठ चाटायची सवय असली तर होतं. एखादी पेस्ट, एखादी लिपस्टिक सोसत नाही, त्यानं होतं. काकू मान हलवत होत्या, जशी जेवणावळीत एकेक वाढलेली वस्तू पसंत पडावी.

"बाप्पा," त्या म्हणाल्या, "नंबर एकच, आनं फोन करणारे इतके जण!"

डॉक्टरनं कवळी काढायला सांगितली. काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी बाहेर जाऊन थांबले. आतून आवाज येत होता. "आजी, टाळू लाल आहे. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवता ना?"

"ठेवते नं. रोज."

"नक्की?"

"सुनीताले विचारा."

मला आत बोलावलं. काकूंनी तोंडावर पदर धरला होता. मी म्हटलं, "हो मॅडम, रोज डबीत असते." मला तसंच वाटत होतं.

मग काकूंनी पदराआडूनच मला पुढं ढकललं. "आता हिचं पाहा. हिच्यापासून मले लागलं, असं हिले वाटते. रडून राह्यली रोज."

डॉक्टरनं माझी खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली. "तुमच्यापासून त्यांना नाही लागलं. तुमचं वेगळं आहे." रक्त तपासायला पाठवलं. काकूंचं रक्त चांगलं निघालं, साखरही ठीक. माझं रक्त कमी निघालं. काकूंना मलम मिळालं, आणि शेजारणीला सांगायला दोन दिवसांचा विषय मिळाला. मला लोहाच्या गोळ्या मिळाल्या.

ऑटोत काकू म्हणाल्या, "एक कारण डॉक्टरनं धरलं, एक मी धरलं. वैशालीचा फोन वाजला, की तुही जीभ बाहेर येते. इकडून तिकडं, इकडून तिकडं. पाल पाह्यली का भितीवर, तशी."

मला त्यांनी आधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांना खात्री करायची होती. त्या संध्याकाळी फोन वाजला आणि मी जीभ दाताखाली धरून ठेवली. काकू समोर बसून बघत होत्या, गालातल्या गालात.

तेव्हापासून त्यांनी मला आपल्याबरोबर ताटावर बसवायला सुरुवात केली. तोवर मी त्यांचं आटोपल्यावर ओट्याशी उभ्यानं चहा-पोळी खायची, घाईघाईनं, जणू माझं खाणं कुणाच्या लक्षात येऊ नये. "बस," त्या म्हणायच्या. "उभ्यानं खाल्लेलं पायात जाते, रक्तात नाई." करडईची भाजी, जवसाची चटणी, गूळ-शेंगदाणे. आईनंतर माझ्या ताटात कुणी स्वतः वाढलं असेल, तर त्यांनी. माझे कोपरे भरून आले. काकूंचे मलमानं आठवडाभर बरे झाले आणि परत फाटले. परत मलम, परत बरे, परत फाटले.

एका कॉलवर वैशालीताईनं आमची तोंडं निरखून बघितली. तिला आम्ही दोघी एकाच वेळी दिसत होतो.

"सुनीताताई, तुमचं तोंड बरं झालं."

"हो ताई."

"एकाच घरात जेवता. मग आईचं का नाही झालं?"

काय सांगणार? गोळ्या सांगितल्या, रक्त सांगितलं, पण माझाच आवाज मला खोटा वाटत होता. काकू म्हणत होत्या तसा माझा श्वास शब्दाच्या आधी येत होता, नुसत्या भीतीनं.

रविवारी दुपारी ताईचा फोन आला. आवाज शांत होता. "आई, मी ठरवलंय. सुनीताताईंची चूक आहे असं मी म्हणत नाही. पण मी इथल्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणतात कवळीची स्वच्छता नीट होत नसावी. नर्सिंग शिकलेली एक बाई मिळतेय. एक तारखेपासून येईल."

फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला. मी ओट्याशी कणीक मळत होते. हात तसेच राहिले. डोक्यात एकच, की एक तारखेनंतर कुठं? कॅम्प तर आता बुलढाण्याच्याही पलीकडं गेलेला. गावी जाऊन मुलीला काय सांगायचं?

काकूंनी हात वर केला. एंगेज. पण त्यांच्या तोंडात घास नव्हता.

"आई? ऐकतेस ना?"

"सुनीता," काकू म्हणाल्या, "हात धू. इकडं ये. माह्यामागं उभी राह्य." मग फोनकडं बघून म्हणाल्या, "वैशाली, लाईन तोडू नको."

आणि त्यांनी तोंडात बोटं घातली. आधी खालची कवळी काढली, मग वरची. दोन्ही समोरच्या ताटलीत ठेवल्या. मी त्यांच्या मागं होते, मला त्यांचा चेहरा फक्त फोनच्या त्या छोट्या चौकोनात दिसला. नाक हनुवटीला भेटायला निघालेलं, ओठ आत गेलेले, गाल दुमडलेले. त्या एकदम फार म्हाताऱ्या झाल्या. त्यांचं ते खणखणीत 'बोला' ज्या तोंडातून यायचं, ते तोंडच नव्हतं तिथं.

"हे रात्री मी काढत नाई," त्या म्हणाल्या. शब्द सगळे ओले, मऊ होऊन येत होते, पण कळत होते. "घालूनच झोपते. डबीत नुस्तं पाणी राह्यते. डॉक्टरले खोटं सांगितलं. सुनीताले बी. तिले काय मालूम? दार तर मी लावून घेते."

"पण का, आई?"

"तुहे बाबा."

गुरुजी, म्हणजे त्यांचे यजमान, आर्वीच्या शाळेत शिक्षक होते. दुपारी जेवून आडवे झाले आणि झोपेतच गेले. दात काढून ठेवायची त्यांची सवय. ते वाटीत राहिले. काकूंना रडण्यात, माणसांना कळवण्यात दातांची आठवणच राहिली नाही. आठवण झाली तोवर जबडा ताठ झाला होता, बसवता आले नाहीत. संध्याकाळी रोहण्याहून माणसं आली, शाळेतले जुने विद्यार्थी आले. त्यातला एक पायाशी थांबला आणि त्यानं शेजारच्याला हळूच विचारलं, हे गुरुजीच आहेत ना?

"ज्या तोंडानं त्या पोराकडून पाढे म्हणवून घेतले," काकू म्हणाल्या, "थे तोंड त्याले ओळखू आलं नाई. मी जवळच बसली व्हती. आयकलं मी. मी खोलीत एकटी झोपते. झोपेत गेली, तर सकाळी कोणीही दार तोडून येईन, आनं पहिले असं पाहीन मले?" त्यांनी स्वतःच्या तोंडाकडं बोट केलं. "म्हणून काढत नाई. त्यापायी कोपरे फाटते, थे बी मले मालूम व्हतं. डॉक्टरनं विचारलं नं, तवाच समजलं. फाटले तर फाटले, म्हटलं. पण तू आता हिले काढून राह्यली. ते नाई चालत."

मग ताई म्हणाली, "मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं?"

ताई रडत होती का, ते मला दिसलं नाही. मी कणकेच्या हातानंच काकूंचा खांदा धरला होता. त्यांच्या चांगल्या पातळावर माझी पाचही बोटं उमटली. थोड्या वेळानं ताई म्हणाली, "सुनीताताई, त्या बाईंना मी नको म्हणून कळवते." आणि मग, अगदी हळू, "तुम्ही जेवलात का?"

तिनं मला हे पहिल्यांदा विचारलं होतं.

त्या दिवसापासून दार उघडं राहिलं आणि मी त्यांच्याच खोलीत खाली अंथरूण टाकायला लागले. काकू रात्री दात काढून डबीत ठेवणार, आणि झोपेत काही झालं तर काय करायचं, तेही आम्ही ठरवून घेतलं होतं. पहिले दात, मंग फोन. आधी वैशालीला नाही, आधी शेजारी नाही, रडायचंही नंतर. दवाखान्यातल्या त्या डॉक्टरला काकूंनी स्वतःहून खरं सांगितलं. ती रागावली नाही; दात कसे बसवायचे ते तिनंच मला शिकवलं. नवी कवळी झाली, जरा उंच, त्यामुळं घडी कमी पडायला लागली. महिनाभरात काकूंचे कोपरे कोरडे झाले. त्या आरशात बघून चुकचुकल्या. "चौकशी खतम झाली वं. आता काय करू दिवसभर?" आणि लगेच शेजारणीला विचारलं, तिच्या टाचा काऊन फाटतात.

उन्हाळा चढायच्या आधी वैशालीताई आली, काकूंना पुण्याला घेऊन जायला, कायमचं. मला तिनं दोन गल्ल्या सोडून एका घरी स्वतः नेऊन सोडलं, आणि त्या घरच्या बाईंना म्हणाली, "माझी आई यांच्या भरवशावर होती." तेवढं ऐकलं आणि मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

जायच्या दिवशी गाडी दारात उभी. सामान चढवून झालेलं. काकू मात्र बाहेर यायला तयार नाहीत. दिवाणावर जाऊन बसल्या, मग आडव्या झाल्या.

"आई, उशीर होतोय."

"सुनीता, इले शिकव पहिले. मंगच गाडीत बसते मी."

ताईला कळलं आणि तिचा चेहरा उतरला. काकूंनी दात काढून माझ्या हातात दिले, हात छातीवर ठेवले, डोळे मिटले, तोंड जरासं उघडं टाकलं. मी ताईला सांगितलं, आधी ओले करायचे. आधी वरची, अंगठ्यानं टाळूला दाबायची. मग खालची. ताई कवळी नुसती हातात धरून होती, तेव्हा मी तिचं मनगट धरून पुढं नेलं. एकदा कवळी तिरकी गेली. तिनं हात मागं घेतला आणि तोंड फिरवलं.

मिटल्या डोळ्यांनीच काकू बोलल्या. "रडून राह्यली का बसवून राह्यली? उशीर केला तर जबडा ताठ होते."

ताईनं डोळे पुसले. परत हात पुढं केला. या वेळी बसली. खालचीही बसली. मग मी सांगितलं नव्हतं, तरी तिनं हनुवटीखाली तळहात धरून आईचं तोंड हळूच मिटवलं आणि तसाच हात ठेवून राहिली. काकू निपचित. ओठ मिटलेले, कोपरे कोरडे, नितळ, कुठं चीर नाही. श्वाससुद्धा त्यांनी धरून ठेवला असावा. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तरी आम्ही दोघी हललो नाही.

मग काकूंनी एक डोळा उघडला. आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कशी दिसते वं?" त्यांनी विचारलं.